पाणकासवाचं पिल्लू खात नाही तेव्हा: आधी उष्णता, मग आडोसा, शेवटी खाद्य

पिल्लू चार-पाच दिवस कशालाच तोंड लावत नाही म्हटल्यावर घरातल्यांचा जीव खाली-वर होतो. मग खाद्याचा डबा बदलला जातो, दुसऱ्या दिवशी तिसरंच काहीतरी आणलं जातं, पिल्लाला हातात धरून तोंडासमोर तुकडा नाचवला जातो. यातल्या जवळजवळ प्रत्येक उपायाने खाणं सुरू व्हायला आणखी उशीर होतो. न खाणाऱ्या पिल्लाचं कारण बहुतेक वेळा खाद्यात नसतंच. त्याला गारठा जाणवत असतो, भीती वाटत असते, किंवा अंड्यातून सोबत आणलेली शिदोरी अजून संपलेली नसते. म्हणून तपासणी याच क्रमाने करावी: वय, उष्णता, आडोसा, पाणी आणि सगळ्यांत शेवटी खाद्य. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदल केल्यावर किमान दोन दिवस थांबावं, नाहीतर नेमका कशाचा गुण आला ते कळतच नाही.

ही माहिती मुख्यतः पाण्यात राहणाऱ्या कासवांच्या पिल्लांबद्दल आहे: रेड इअर्ड स्लायडर, कूटर, पेंटेड, मॅप, मस्क आणि मड. जमिनीवर राहणाऱ्या कासवांची गरज निराळी असते, त्याबद्दल पुढे थोडक्यात येईलच. पिल्लू कायदेशीर पैदाशीतून आलेलं आहे हे गृहीत धरलं आहे. तळ्याकाठी सापडलेलं रानातलं पिल्लू घरी आणू नये. ते पाळणं बहुतेक ठिकाणी कायद्याच्या विरुद्ध असतं, आणि रानात ते मदतीविना व्यवस्थित खात असतं.

पिल्लू नेमकं किती दिवसांचं आहे?

अंडं फोडून बाहेर येताना पिल्लाच्या पोटाकडच्या कवचाच्या मध्यभागी पिवळसर बलकाची छोटी पिशवी दिसते. पुढच्या काही दिवसांत ती आत ओढली जाते आणि तिथे फक्त एक रेघ किंवा डाग उरतो. पिशवी बाहेर दिसत असेपर्यंत पिल्लाला खोल पाण्यात सोडू नये आणि खायलाही देऊ नये. एका हवेशीर झाकणाच्या डब्यात स्वच्छ, ओला करून पिळलेला पांढरा टिश्यू अंथरावा, वर त्याच टिश्यूची एक सैल घडी आडोशाला ठेवावी, डबा २६ ते २८ अंश सेल्सियसला ठेवावा आणि टिश्यू रोज बदलावा. पिशवी ओढायची, कापायची किंवा दाबायची नाही. ती फुटली तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही होतात आणि इतक्या लहान जिवाला ते झेपत नाहीत.

पिशवी आत गेली म्हणजे बलक संपला असं नाही. तो पोटात शिल्लक असतो आणि आणखी काही दिवस पिल्लाला पोसतो. त्यामुळे अंड्यातून आल्यावर पहिला आठवडा, कधीकधी दोन आठवडेही, पिल्लू काहीच खात नसेल तर त्यात बिघाड नाही. पेंटेड टर्टलची पिल्लं थंड प्रदेशांत अख्खा हिवाळा घरट्यातच काढतात आणि वसंतात वर येऊन पहिला घास घेतात. तरीही चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज थोडंसं खाद्य समोर यायला हवं, कारण एखादं पिल्लू लवकर भुकेजतं.

विकत आणलेल्या पिल्लाचं वय ठाऊक नसेल तर नाकाखाली पाहावं. अंडं फोडण्यासाठी तिथे पांढरट टोक असतं आणि ते साधारण काही आठवड्यांत गळून पडतं. टोक नसेल, पोटावरची खूण पूर्ण मिटली असेल, तर पिल्लू आधीच्या जागी खात असणार. अशा वेळी बलकाचं कारण लागू होत नाही, प्रवास आणि नवी जागा हे कारण असतं. त्याला जुळवून घ्यायला तीन ते सात दिवस द्यावेत. आधीचा मालक काय खायला देत होता, पाणी किती गरम ठेवत होता, हे विचारून घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं.

उष्णता: इथेच सगळ्यांत जास्त चुकतं

कासवाचं शरीर स्वतःला गरम ठेवण्याइतकी उष्णता तयार करत नाही. भूक, हालचाल, पचन, रोगाशी झुंज हे सगळं बाहेरच्या तापमानावर चालतं. पाणी गार असेल तर पिल्लाला भूक लागत नाही, आणि बळेच काही पोटात गेलं तरी ते पचत नाही, आतड्यात पडून कुजतं. विशेष वाईट पट्टा म्हणजे १८ ते २२ अंश. एवढ्या थंडीत पिल्लू झोपीही जात नाही आणि नीट खातही नाही, शरीरातला साठा मात्र हळूहळू खर्च होत राहतो. हीटर नसलेल्या बहुतेक टाक्या याच पट्ट्यात असतात.

पाणी २६ ते २८ अंश हवं. त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला, पाण्यात पूर्ण बुडणारा हीटर घ्यावा. अंदाजे एका लिटरला एक-सव्वा वॉट हे माप पुरतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीला ५० वॉटचा हीटर. पिल्लांसाठी पाणी उथळ असतं, म्हणून हीटर तळाजवळ आडवा बसवावा आणि त्याला जाळीचं संरक्षक कव्हर लावावं. एरवी पिल्लू हीटर आणि काचेच्या फटीत अडकतं किंवा भाजतं. उथळ पाण्यातून हीटरचा भाग उघडा पडला तर काच तडकते, म्हणून पाण्याची पातळी रोज पाहावी, आणि टाकीत हात घालण्याआधी हीटरचं बटण बंद करावं.

हीटरच्या चकतीवर २७ लिहिलंय म्हणून पाणी २७ आहे असं धरू नका. वेगळा थर्मामीटर हवाच, आणि तो पिल्लू जिथे बसतं त्या बाजूला हवा. मोजायची खरी वेळ पहाटेची, कारण रात्रीत पाणी किती उतरतं ते तेव्हाच दिसतं. पाणी आधीच गार असेल तर एकदम वाढवू नये. दिवसाला एक-दोन अंश चढवत न्यावं. ३० अंशांच्या वर ठेवून भूक आणखी वाढत नाही, उलट पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पाणी लवकर नासतं.

दुसरी जागा म्हणजे ऊन खाण्याची कोरडी फळी. पाण्यातून सहज चढता येईल असा उतार, वर दिवा, आणि फळीच्या पृष्ठभागावर ३२ ते ३५ अंश. दिवा किती उंच टांगायचा ते आकड्याने ठरवू नका, फळीवर थर्मामीटर ठेवून ठरवा. दिवसा १० ते १२ तास दिवा, रात्री अंधार. रात्री दिवा बंद, हीटर मात्र चालू.

सोबत यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणं देणारी, नळी लागते. तिच्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि काही महिन्यांत कवच मऊ पडतं, जबडा कमकुवत होतो. तसं पिल्लू चावू शकत नाही म्हणूनही खाणं सोडतं. नळी आणि फळी यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण नसावं, कारण यूव्हीबी त्यातून जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही याच कारणाने निरुपयोगी ठरतं. वर ते थेट टाकीवर पडलं तर थोड्याच वेळात पाणी जीवघेणं तापू शकतं. नळी उजेड देत असली तरी तिची यूव्हीबी क्षमता घटत जाते, म्हणून उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, सहसा सहा ते बारा महिन्यांनी, बदलावी.

तापमान सुधारलं की बरीच पिल्लं खाद्यात काहीच न बदलता दोन-तीन दिवसांत खायला लागतात. म्हणून पुढच्या सगळ्या युक्त्या हा टप्पा नीट झाल्यावरच.

आडोसा आणि एकांत

एवढ्याशा पिल्लाला पक्षी, मासे, बेडूक सगळेच खातात. वरून हलणारी मोठी सावली म्हणजे मरण, हे त्याच्या अंगातच असतं. त्यामुळे काचेच्या चारी बाजूंनी उघड्या, रिकाम्या टाकीत ते दिवसभर कोपऱ्यात गोठून बसतं, आणि कुणी बघत असेल तर अजिबात खात नाही.

टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. पाण्याच्या पृष्ठभागाचा निम्मा भाग तरंगत्या वनस्पतींनी झाकला जाईल असं बघा. खऱ्या वनस्पती उत्तम, मऊ कृत्रिमही चालतात, पण ज्यांची पानं तुटून तोंडात जातील अशा नकोत. तळाशी खाली शिरता येईल असा एखादा अर्धगोल कौलाचा तुकडा ठेवावा.

सुरुवातीला पाणी पोहणाऱ्या जातींसाठी ८ ते १० सेंटिमीटर, मस्क आणि मड जातींसाठी ५ ते ८ सेंटिमीटर पुरतं. पाण्याची खोली कवचाच्या रुंदीपेक्षा जास्तच हवी. उलटं झालेलं पिल्लू कमी पाण्यात सरळ होऊ शकत नाही आणि बुडून मरतं. अडकण्यासारख्या अरुंद फटी कुठेही ठेवू नयेत. फिल्टरचा प्रवाह इतका मंद हवा की पिल्लू एका जागी तरंगू शकेल. जोरदार प्रवाहात ते सगळी ताकद वाहून न जाण्यात घालवतं आणि खाद्यही त्याच्यासमोरून वाहून जातं. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर या वयाला सर्वांत योग्य.

तळाशी बारीक खडी टाकू नये. पिल्लं ती गिळतात आणि आतडं तुंबतं. पहिले काही आठवडे तळ उघडाच ठेवा. दिसायला ते बरं दिसत नाही, पण खाद्य पिल्लाला दिसतं आणि उरलेलं आपल्याला.

दोन पिल्लं एकत्र असतील आणि त्यातलं एक खात नसेल, तर त्याच दिवशी वेगळं करा. कासवांना सोबतीची गरज नसते. धीट पिल्लू भांडत नाही असं वाटतं, पण ते फळीवर दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं, शेपटी आणि पाय चावतं, खाद्यापाशी आधी पोचतं. दबलेलं पिल्लू एकटं केल्यावर पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खायला लागतं. वेगळी टाकी नसेल तर उष्णता आणि आडोसा नीट असलेला मोठा प्लास्टिकचा टबही चालतो. नुसता मधे पडदा लावून भागत नाही, पलीकडचं दिसत राहिलं तर ताण तसाच राहतो.

आणि पहिला आठवडा पिल्लाला हातात घेऊ नका. फोटोसाठीही नको.

पाण्याचं काय?

इथे थोडक्यात सांगता येईल. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४० भागांच्या) खाली. माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या तपासणी संचाने हे मोजता येतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण मापाने घालावं. पाणी बदलताना नवं पाणी जुन्याच तापमानाचं असावं, एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. अमोनिया वाढलेल्या पाण्यात डोळे चुरचुरतात, पिल्लू ते मिटून घेतं, आणि ज्याला दिसत नाही ते खात नाही. पाण्याला वास येत असेल तर मोजण्याची वाट न पाहता अर्धं पाणी बदलावं.

खाऊ घालण्याची पद्धत

पाणकासवं पाण्यातच गिळतात. तोंडातला घास घशाकडे ढकलायला त्यांना पाणी लागतं, जमिनीवर दिलेला घास ती पाण्यात ओढून नेतात किंवा टाकून देतात. म्हणून खाद्य फळीवर ठेवू नका, पाण्यात द्या.

१. सकाळी दिवा लागल्यावर एक ते दोन तास जाऊ द्या. पिल्लू फळीवर बसून तापलं की भूक जागी होते. मस्क आणि मड जाती मात्र संध्याकाळी, दिवा बंद व्हायच्या आसपास जास्त खातात.

२. तुकडा किती मोठा? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. स्लायडरच्या नवजात पिल्लासाठी म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

३. चार-पाच तुकडे पिल्लाच्या समोर, साधारण हाताच्या रुंदीइतक्या अंतरावर, हळूच सोडा. डोक्यावर टाकू नका. त्याने ते दचकतं आणि पुढच्या वेळी हात दिसताच पळतं.

४. तिथून निघून जा. खोलीतून बाहेर पडलात तर उत्तम. बघायचंच असेल तर दुरून, न हलता.

५. वीस मिनिटांनी परत या, तुकडे मोजा. कमी झाले असतील तर पिल्लू खातंय, फक्त तुमच्यासमोर खात नाहीये.

६. उरलेलं काढून टाका. रुंद तोंडाची पिचकारी किंवा स्वयंपाकात न वापरली जाणारी टर्की बेस्टरसारखी रबरी फुग्याची नळी यासाठी फार कामाची.

७. रोज त्याच वेळी, त्याच जागी. तारीख, पाण्याचं तापमान, काय दिलं, किती गेलं हे लिहून ठेवा.

खाऊ घालायला पिल्लाला वेगळ्या भांड्यात न्यावं, असा सल्ला वारंवार दिला जातो. बुजऱ्या पिल्लाच्या बाबतीत तो चुकीचा वाटतो. उचलणं, नवी जागा, गार होत जाणारं पाणी, हे सगळं भूक मारणारंच आहे. आपल्या टाकीतच द्यावं. अपवाद दोन: अनेक पिल्लांमध्ये कोण खातंय हे कळेनासं झालं असेल, किंवा वासाचं खाद्य वापरायचं असेल. तेव्हाही टाकीतलंच पाणी भांड्यात घ्यावं, पाण्याची खोली कवच बुडेल इतकी असावी आणि अर्ध्या तासात पिल्लू परत टाकीत जावं.

काय द्यायचं, आणि कोणत्या क्रमाने

पिल्लाचं लक्ष आधी हालचालीकडे जातं, मग रंगाकडे आणि वासाकडे. डब्यातली तपकिरी, निश्चल गोळी हे अन्न आहे हे त्याला उपजत ठाऊक नसतं, ते शिकावं लागतं. म्हणून हटून बसलेल्या पिल्लासाठी सुरुवात जिवंत खाद्यापासून.

जिवंत काळे पाणकिडे, म्हणजे ब्लॅकवर्म, मिळाले तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. ते तळाशी वळवळत राहतात, पाण्यात जिवंत राहतात आणि पिल्लाला हवं तेव्हा टिपता येतात. डॅफ्निया आणि आर्टेमिया हे बारीक पाणजीव लहान असल्याने पोट भरायला अपुरे, पण शिकारीची सवय जागी करायला छान. डासांच्या अळ्याही पिल्लं आवडीने खातात, फक्त एका वेळी संपतील तेवढ्याच द्याव्यात, नाहीतर त्यांचे डास होतात. घाण पाण्यात वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे टाळावेत, त्यांच्यासोबत रोगजंतू येतात.

गांडूळ हा पोषणाच्या दृष्टीने फार चांगला पर्याय आहे. कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं, पाण्यात धुतलेलं गांडूळ घेऊन त्याचे तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे करावेत. कापल्यावरही ते थोडा वेळ हलतात, तेच आपल्याला हवं असतं. खतासाठी पाळतात त्या लालसर पट्टेरी गांडुळांना डिवचल्यावर कडवट पिवळा द्रव सुटतो. पिल्लाने असा तुकडा तोंडात घेऊन थुंकला तर गांडुळाची जात बदलून पाहावी.

जिवंत काही मिळत नसेल तर गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल रंगाच्या पाणअळ्या. त्यांच्या गोठवलेल्या वडीचा छोटा तुकडा टाकीतल्याच पाण्यात एका वाटीत विरघळवा, वरचं लाल पाणी ओतून टाका आणि मग चिमट्याने किंवा ड्रॉपरने द्या. काही लोकांना ब्लडवर्मची ॲलर्जी असते, हाताला खाज आणि डोळ्यांना सूज येते, म्हणून हातमोजे वापरा. ब्लडवर्म हे भूक उघडण्यासाठी आहेत, रोजचं जेवण म्हणून ते अपुरे पडतात.

निर्जीव खाद्याला हालचाल द्यायची असेल तर बोथट टोकाचा लांब चिमटा घ्या, तुकडा टोकाशी धरा आणि पिल्लाच्या बाजूने, नाकापासून चार-पाच सेंटिमीटरवर हलका थरथरवा. पुढे नेऊ नका, दूर नेत राहा. पळणारी गोष्ट पकडावीशी वाटते, अंगावर येणाऱ्या गोष्टीपासून पळावंसं वाटतं. पिल्लाने मान आत घेतली की त्या दिवशी थांबा.

वासाची युक्ती: पिल्लांसाठीच्या बारीक गोळ्या ब्लडवर्मच्या विरघळलेल्या पाण्यात किंवा मीठ नसलेल्या, पाण्यातल्या डबाबंद टुनाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवाव्यात. तेलातला किंवा खारवलेला टुना नको. या गोळ्या पाणी लवकर नासवतात, म्हणून हे वेगळ्या भांड्यात.

कच्चं मटण, कुत्र्या-मांजराचं खाद्य, पाव, दूध किंवा चीज देऊ नये. वाळवलेली कोळंबी आणि गॅमॅरस (कोळंबीसारखा छोटा पाणजीव) पिल्लं अधाशासारखी खातात, पण पोषण फारच थोडं असतं आणि एकदा त्याची चटक लागली की गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. न खाणाऱ्या पिल्लावर हा उपाय करण्याचा मोह टाळाच. गोल्डफिशसारखे काही मासे सतत दिल्यास त्यांतल्या थायमिनेज या द्रव्यामुळे ब१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

खायला लागल्यावर गोळ्यांकडे वळवणं

सलग तीन-चार दिवस पिल्लू जिवंत किंवा गोठवलेलं खाद्य घेत असेल, तर वळवायला सुरुवात करावी. आवडीच्या चार तुकड्यांमध्ये एक भिजवलेली गोळी. आधी गोळी, मग आवडीचं, असा क्रम ठेवा, कारण भूक पहिल्या घासाला सर्वांत जास्त असते. गोळी तोंडात घेऊन थुंकली तरी ती प्रगती आहे. दर तीन-चार दिवसांनी एक गोळी वाढवा, एक तुकडा कमी करा. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक पिल्लं वळतात. मधे अडली तर एक पायरी मागे जा.

पिल्लांच्या गोळ्यांत प्रथिनं साधारण ३५ ते ४५ टक्के असावीत. स्लायडर आणि कूटरला तरंगणाऱ्या गोळ्या चालतात. मस्क आणि मड तळाशी चरतात, त्यांना बुडणाऱ्या गोळ्या लागतात. याच एका फरकामुळे कित्येक मस्क पिल्लं अन्न वर तरंगत असताना उपाशी राहतात.

किती द्यायचं? पिल्लाचं डोकं, मान वगळून, पोकळ असतं तर त्यात मावेल तेवढं, दिवसातून एकदा. हे माप गोळ्या भिजवण्याआधीचं. पहिले सहा महिने रोज, पुढे हळूहळू एक दिवसाआड. पिल्लं माणूस दिसला की पोहत पुढे येतात आणि भुकेली भासतात, पण जास्त देऊ नये. कवचात आत घेतलेल्या पायांच्या मुळाशी चरबीच्या वळ्या दिसल्या तर प्रमाण कमी करायचं.

पाण्यात डकवीड, म्हणजे बारीक पानांची तरंगती वनस्पती, ठेवावं. पिल्लू ते खाईलच असं नाही, पण वनस्पतीची ओळख लहानपणी झाली की मोठेपणी सोपं जातं. पालकात ऑक्झॅलेट जास्त असल्याने कॅल्शियम शोषणात अडथळा येतो, म्हणून पालक रोज नको. कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा, म्हणजे कटलबोनचा, छोटा तुकडा पाठीचं कडक कवच काढून पाण्यात सोडावा.

खातं, पण काहीतरी बिनसतं

घास घेतं आणि थुंकतं: तुकडा मोठा आहे, गोळी कडक आहे, किंवा चव अनोळखी आहे. याच क्रमाने दुरुस्त करा.

घासावर झडप घालतं पण नेम चुकतो: पहिल्या काही दिवसांत हे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही होत असेल तर डोळे तपासा.

नीट खात होतं, अचानक बंद केलं: आधी थर्मामीटर. हीटर बंद पडणं आणि ऋतू बदलल्यावर खोली गार होणं ही सर्वांत नेहमीची कारणं. मग पाणी तपासा. मग टाकीच्या आसपास काय बदललं ते आठवा: जागा, मांजर, नवा मोठा आवाज.

डोळे सुजलेले, बंद: पाणी खराब असल्यास ते सुधारून दोन दिवसांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा महिनोन् महिने निकस खाद्यावर वाढलेल्या पिल्लात अ जीवनसत्त्वाची कमतरता. अ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका, मात्रा जास्त झाली तर कासवाची त्वचा सोलून निघते.

जमिनीवरची पिल्लं

बॉक्स टर्टलची पिल्लं ओलसर पाचोळ्यात दडून राहतात आणि बारीक किडे, गांडुळाचे तुकडे, गोगलगायी खातात. कोरड्या, उघड्या डब्यात ती खात नाहीत. गवत-पाला खाणाऱ्या भू-कासवांच्या पिल्लांना बारीक चिरलेली पानं सपाट फरशीच्या तुकड्यावर द्यावीत, मांसाहार नको. दोघांनाही रोज सकाळी हनुवटीपर्यंत येईल इतक्याच कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं बसवावं. पाणी प्यायलेलं पिल्लू त्यानंतर लगेच खाण्याची शक्यता जास्त असते.

वजन, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, खाण्याआधी, अंग टिपून वजन करा. पिल्लू खातंय की नाही या प्रश्नाचं काटा जितकं खरं उत्तर देतो तितकं डोळ्यांनी बघून मिळत नाही. अंड्यातून आल्यावरच्या दिवसांत वजन किंचित उतरू शकतं. त्यानंतर ते टिकायला आणि मग वाढायला हवं.

उष्णता, आडोसा, पाणी सगळं नीट असताना, बलकाचा काळ सरल्यावरही पिल्लू दोन आठवडे काहीच घेत नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. वजन दहा टक्क्यांनी घटलं असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका. आणि पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी जायचं: एका बाजूला कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे किंवा शेंबूड, तोंड उघडून श्वास घेणं, डोळे खोल जाणं, हातापायांत जोर नसणं, कवच दाबल्यावर पिचणं. नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं हे लक्षात ठेवा, पण ते आठवड्यागणिक घट्ट होत जायला हवं.

जबडा उघडून घरी घास भरवू नका. जबडा मोडतो, घास श्वासनलिकेत जातो. नळीने खाऊ घालणं हे डॉक्टरांचं काम आहे.

पिल्लू किंवा टाकीतलं काहीही हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लू हाताळायला देऊ नये, आणि टाकीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

डॉक्टरांकडे नेताना डब्यात पाणी भरू नका, हेलकाव्यात पिल्लू उलटून गुदमरू शकतं. ओलसर कापड अंथरलेला, भोकं पाडलेला छोटा डबा घ्या आणि तो गार होणार नाही असा, २५ ते २८ अंशांच्या आसपास ठेवा. सोबत रोजची नोंदवही, वजनाचे आकडे, टाकीचा, दिव्याचा आणि यूव्हीबी नळीवरच्या अक्षरांचा फोटो, खाद्याचा डबा आणि त्याच सकाळी बाटलीत भरलेलं टाकीतलं पाणी न्या. शक्य असल्यास ताजी विष्ठाही ओल्या टिश्यूत गुंडाळून, बंद डबीत घ्या. परजीवींची तपासणी तिच्यावरूनच होते.